बाजार आणि खाडा

आमच्या आबांच्या लेखी आठवड्यात दोनच वार होते, सोमवार आणि बाजारचा. बाकीचे नुसते मधले दिवस. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरातला कायदा. सोमवार महादेवाचा, आणि महादेव म्हणजे जवळच्या करंज्याचा सोमेश्वर. श्रावणी सोमवारी ज्याच्या दर्शनाला सगळा नीराकाठ लोटतो तोच. नंदी त्याचा, म्हणून बैलाला त्या दिवशी मोकळीक. शिवाय महिन्याची अमावास्या. "आवस हाय, औताला हात लावू नगंस," एवढं आबा ओसरीवरूनच सांगायचे आणि पडवीतला नांगर तिथंच राहायचा.

पुढे कामगार चळवळीचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवार मिळायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडच्या बैलांना सोमवार मिळत असणार. बैलांना. सालगड्याला नाही. औत थांबलं तरी शेण, गोठा, कडब्याची गंज, फुटलेला बांध यांना सोमवार ठाऊक नसतो. सालगडी पाडव्याला ठरायचा. वर्षाचं धान्य, कपड्यांचा जोड, वहाणा आणि वर थोडी रोकड. आजारपण, मयत, लेकीची सोयरीक यांपायी जे दिवस बुडायचे ते खाडे. लिहिता येणारा घरधनी ते वहीत मांडायचा, न येणारा भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढायचा. साल संपलं की तेवढे दिवस गड्यानं फुकट राबून भरून द्यायचे. आबा हे सांगताना अजिबात अवघडत नसत. "रीतच हुती तशी," म्हणायचे. आजी चुलीपुढून ऐकत असायची. एकदा म्हणाली, "रीत तुमची, रेघा त्याच्या."

आजीला रोजगाराचं जास्त कळायचं, कारण ती सुप्याकडच्या जिराईत भागातली. बारामती तालुक्याचे हे दोन तुकडे बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. कालव्याखालचं वडगाव, कोऱ्हाळे, होळ, पणदरे, माळेगाव एक, आणि सुपे-मोरगावचा कोरडा माळ दुसरा. लेक बागायतात दिली की माहेरचे म्हणायचे, पोर पाण्यात पडली. आजी सांगायची, तिच्याकडे बायांना खुरपणीचा रोजगार बाजारच्या दिवशी मिळायचा आणि त्या दिवशी कुणी कामाला जायचं नाही. सकाळी रोजगार हातात, दुपारी बाजार. मिरची, गूळ, चहापत्ती, कासाराकडं बांगड्या, पोरांना शेव-भजी, आणि परतताना घरात पुढच्या आठवड्याची ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या माहेरची माणसं पाझर तलावाच्या कामावर होती. मस्टरचा पगार लांबला की बाजार ओस पडायचा, दुकानदार माशा मारत बसायचे, आणि पगार झाला की दुष्काळातही बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. पाऊस तर दोन्ही आठवड्यांत नव्हताच.

सुट्टी, मजुरी आणि खरेदी हे तिन्ही एकाच दिवशी पडत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला हे कुठं इतकं नीट भेटलं नाही. कामाचा दिवस कमी केला की त्या भागाचं काय होतं, असं आता पुष्कळ विचारलं जातं. आजीच्या बाजारावरून मला वाटतं, त्याआधी त्या दिवसाची मजुरी कुणाच्या खिशातून गेली हे विचारावं.

बागायतात मात्र आठवडा बाजारावर चालत नव्हता, पाण्याच्या पाळीवर चालायचा. नीरा डावा कालवा हा १८७६-७७च्या दुष्काळातून आलेला. आमच्या पणज्यांनी त्याच्या खोदाईवर माती वाहिली असं घरात सांगतात. १८८५च्या सुमारास पाणी सुटलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या नावाच्या इंजिनिअरांनी इथंच ब्लॉक पद्धत बसवली. किती रानाला, कोणत्या पिकाला, कधी पाणी, हे बांधून दिलं. ऊस वाढला, गुऱ्हाळं पेटली, नीरेच्या पेठेतला गूळ नावाजला. चुलवाण एकदा पेटलं की गुळव्याला रात्र-दिवस सारखेच. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला दारं धरायला जायचं, मग सोमवार असो की आवस. आबांच्या बैलांचा सोमवार टिकला खरा, पण आबांचा स्वतःचा गेला. आजही तेच आहे, फक्त पाटाच्या जागी लाईट आली. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी चक्राकार वीज मिळते. कोणत्या आठवड्यात झोप कधी घ्यायची हे त्या वेळापत्रकावर ठरतं.

रविवार आमच्या घरात आला तो आजीच्या थोरल्या भावाबरोबर. हे मामा परळला गिरणीत साच्यावर होते. सुट्टीवर आले की पारावर बसून मुंबई सांगायचे, आणि त्यांच्या मुंबईत राणीचा बाग, गणपती आणि रविवार एवढं हमखास असायचं. "रविवार इंग्रजाचा न्हवं बरं का, खंडोबाचा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेजुरी आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ते पटायचंही. रविवार मिळवून देणारा माणूस आपल्याच पुणे जिल्ह्याचा, हे मात्र मामांनाही ठाऊक नव्हतं.

तो माणूस नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर, जन्म ठाण्याचा, १८४८चा. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्यात तासांची मर्यादा मुलांपुरती होती. मोठ्या माणसानं उजेड असेपर्यंत राबायचं, आणि उन्हाळ्यात उजेड फार. सप्टेंबर १८८४मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन बायाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. १८९७च्या प्लेगात रुग्णांसाठी धावताना लोखंडे गेले.

रविवार मिळाल्यावर गिरणगावात आखाडे, भजनी मंडळं, तमाशाचे फड, खानावळीतला गोडाचा दिवस हे सगळं फोफावलं. मामा सांगायचे, मनिऑर्डर लिहून घ्यायला लेखनिकाभोवती गर्दी व्हायची. त्यातली एक दर महिन्याला सुप्याकडे यायची आणि तिच्यावर आजीच्या माहेरचं मीठ-मिरची, एकदा तर विहिरीची सुरुंगाची दारू आली. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा संप झाला आणि मामांच्या धाकट्या मुलाचा आठवडा सगळाच सुट्टीचा झाला. तो गावी आला, वर्षभर पारावर बसला, मग शेळ्या घेतल्या. मनिऑर्डर थांबली तेव्हा माहेरच्या दुकानदारानं उधारी बंद केली, हे आजी पुन्हा पुन्हा सांगायची.

मुंबईत कामाचा आठवडा कायद्यानं हळूहळू आटत गेला. १९२२ला ६० तास, १९३४ला ५४, १९४६ला ४८. पण याच कायद्यांत आमच्यासाठी वेगळी ओळ होती. साखर आणि गूळ हे हंगामी धंदे, म्हणून १९३४मध्ये त्यांना ६०च तास राहिले, १९४६नंतरही त्यांची मर्यादा इतरांहून जास्तच होती. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहत होतं तो हाच काळ. १९४८च्या कारखाना कायद्यानं सगळ्यांना एकच ४८ तासांची मर्यादा घातली. भवानीनगर, माळेगाव आणि मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोमेश्वर हे सहकारी कारखाने आले ते त्यानंतर. म्हणजे आमच्या बागायतातला पहिला पिढीजात शेतकरी जेव्हा कारखान्यात पाळीला गेला, तेव्हा त्याला ४८ तासांचा आठवडा आयताच मिळाला.

तो शेतकरी म्हणजे आमचे थोरले चुलते, नाना. आधी हंगामी, मग कायम. कारखान्याचा भोंगा वडगावात ऐकू यायचा आणि बायका त्यावर भाकरी टाकायच्या. हंगामात गाळप थांबवता येत नाही, म्हणून प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी. नानांची बुधवारी होती. सुट्टीच्या जागी सुटीवाला माणूस यायचा, उसाची गव्हाण चालू राहायची आणि पगार कापला जायचा नाही. आबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "बसून पैसं?" असं ते दर बुधवारी विचारायचे. पण त्याच बसून मिळालेल्या दिवशी नानांनी बारामतीहून सायकल आणली, नंतर रेडिओ, नंतर वीट पाडून दोन खोल्या बांधल्या. वडगावच्या चौकात कपडे शिवणारा, सायकल दुरुस्तीवाला, केस कापायचं सलून, चहाचं हॉटेल हे सगळे त्या पंधरा-वीस वर्षांत बसले. हंगामी कामगाराला बिगरहंगामात घरी बसल्याबद्दल पगाराचा काही हिस्सा मिळतो. त्याला इकडे रिटेन्शनच म्हणतात. कोरड्या उन्हाळ्यात वाण्याची वही त्यावर चालायची.

अमेरिकेत हेन्री फोर्डनं १९२६मध्ये आपल्या कारखान्यात पाच दिवसांचा, ४० तासांचा आठवडा केला, तो काही दयाळूपणानं नाही. माणसाला फिरायला दिवस मिळाला तर तो गाडी घेईल, असा त्याचा उघड हिशेब होता. नानांनी सायकलच घेतली, पण हिशेब तोच. उलट उदाहरण ब्रिटनचं. १९७४च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत कोळशाच्या टंचाईमुळे तिथल्या बहुतेक धंद्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज दिली गेली. चार दिवस मोकळे मिळाले, पण पुष्कळांचा पगारही तसाच तुटला. त्या फावल्या वेळात कुणी सायकली घेतल्याचं ऐकिवात नाही.

विजेवरून आठवलं. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी, ती विजेचा भार वाटून घ्यायला. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिकडं. ती बुधवारी रात्री यष्टीनं यायची, गुरुवारी संध्याकाळी परत. रविवारचं लग्न चुकायचं, गुरुवारचा बारामतीचा बाजार मात्र सापडायचा. कित्येकांच्या घरचं किराण्याचं ओझं अशा गुरुवारी आलंय. बारामती एमआयडीसीत पियाज्जो आली, दुधाची डायनॅमिक्स आली, फेरेरोचं चॉकलेट आलं, तशी ही ये-जा कमी झाली. दुधाला मात्र कुठलाच वार नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन न्यायचाच. त्याचा पगार दहा दिवसांनी होतो, आणि गोठ्यात राबणारी बहुधा घरची सून असते. तिच्या आठवड्याची चर्चा मी अजून कुठल्या अहवालात पाहिलेली नाही.

आता अलीकडचा आठवडा. राज्य सरकारनं २९ फेब्रुवारी २०२०पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. आधी दुसरा आणि चौथा शनिवार बंद असायचा, आता सगळे. गावात ओरड झाली की सायेब लोकांची चैन झाली. आकडे तसं सांगत नाहीत. वर्षाला २८८ दिवसांचे २६४ झाले, पण दिवसाचे तास सव्वासातवरून आठ केले, म्हणजे वर्षाचे २०८८ तास उलट २११२ झाले. सुट्टी वाढली आणि कामाचे तासही वाढले! परिणाम मोजायला जेमतेम तीन-साडेतीन आठवडे मिळाले, तोवर टाळेबंदी आली आणि सगळ्यांचाच आठवडा मोडला.

तरी डोळ्यांनी दिसतं ते सांगतो. बारामतीत तहसील कचेरीभोवती मुद्रांक विकणारे, अर्ज लिहिणारे, झेरॉक्सवाले, वडापावचे गाडे यांचा शनिवार गेला. त्यांना त्या दिवसाचा पगार कुणी देत नाही. आणि पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवार जोडून मिळाला, तशी मोरगाव-जेजुरीच्या रस्त्यावर हॉटेलं वाढली, भिगवणला रोहित पाहायला होड्या भाड्यानं निघाल्या, पळशीवाडीकडं शेतावर राहायला येणाऱ्यांची सोय झाली. यातलं बरंचसं आयटीवाल्यांच्या पाच दिवसांनी आधीच सुरू केलं होतं. शहराचा मोकळा दिवस इथं कमाईचा होतो. ती कमाई रस्त्याकडेच्या गावाला जास्त आणि आतल्या गावाला कमी, हेही खरं.

हे सगळं मान्य करून मला जे बोलायचं आहे ते पुढे आहे.

नानांच्या तरुणपणी दिवाळीला पेटलेला बॉयलर अक्षय तृतीयेच्या आसपास विझायचा. पुढे सगळ्या कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवल्या, तोच ऊस लवकर संपू लागला. मध्ये २०२१-२२सारखं साल आलं, जूनपर्यंत ऊस उभा होता आणि राज्यात १३७ लाख टनांच्या घरात साखर झाली. २०२४-२५ला ती ८० लाख टनांच्या आसपास उतरली आणि बहुतेक धुराडी मार्चमध्येच थंड झाली. कामाचं सालच आखूड झालं. कायम कामगाराला त्याची झळ कमी, हंगामीला थोडी, आणि ऊसतोड मजुराला सगळी.

बीड, पाथर्डीकडून येणारी ही माणसं कालव्याच्या कडेला कोपी करून राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या टनावर फिटते. हंगाम छोटा झाला की टन कमी, बाकी अंगावर, पुढच्या साली त्याच मुकादमाकडं. बाजारच्या दिवशी खर्ची मिळते, त्यात पीठ-मीठ-तेल. वडगावच्या बाजारात दिवाळी ते शिमगा जी गर्दी असते, तिच्यात यांचा वाटा किती, हे एखाद्या पालवाल्याला विचारा. वाढं विकून चार पैसे सुटतात, तेवढेच वरचे. आणि एक दिवस उसाच्या फडात गेलं नाही तर खाडा. पाचशे रुपये, कधी हजार. आबांच्या भिंतीवरच्या रेघा पुसल्या गेल्या असं आम्हाला वाटत होतं. त्या पुसल्या नाहीत, त्यांना दर लागला.

२०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यात १३ हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक आहेत, डॉक्टरांचा लोभही आहे. पण पाळीच्या दिवसांतले खाडे परवडत नाहीत, हे त्यातलं एक कारण त्या बायांनीच सांगितलेलं आहे.

कारखान्याच्या फाटकाच्या आत कामाच्या तासांचा कायदा आहे, बाहेर फडात नाही. म्हणून मोळी गव्हाणीत ढकलणाऱ्याला भरपगारी बुधवार आणि तीच मोळी बांधणारीला दंड. नानांना मी हे बोललो तेव्हा ते प्रथम कामगारासारखं बोलले, "गव्हाण उपाशी ठेवता येत न्हाय बाबा." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आमच्या जागी सुटीवाला यायचाच की."

पैशाचं बघू. तोडणीचा दर जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो असं धरलं, तर दिवस सव्वासातशेचा. शंभर दिवसांच्या हंगामात चौदा बाजार. ते चौदा दिवस भरपगारी केले तर कोयत्यामागं दहा हजार रुपये, आणि त्यानं उरलेल्या दिवसांत तोडलेल्या उसावर ते वाटले तर टनाला साठेक रुपये. २०२४-२५ला उसाची एफआरपी, म्हणजे कायद्यानं द्यायचा किमान भाव, टनाला ३४०० होती. दोन टक्क्यांच्या आतला खर्च आहे हा. त्यातलाही मोठा हिस्सा संध्याकाळच्या आत याच बाजारात परत येणार, कारण ही माणसं पैसा साठवायला बँकेत जात नाहीत, पीठ आणायला पालावर जातात. फडांना वेगवेगळे वार दिले तर गव्हाणही उपाशी राहणार नाही. कारखान्यांच्या टनामागच्या दहा रुपयांवर ऊसतोड कामगारांचं महामंडळ उभं आहे, म्हणजे टनामागे गोळा करायची वाटही पडलेली आहे.

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास कारखान्याची वार्षिक सभा होते. आम्ही सभासद मंडपात बसतो, उसाच्या दरावर माईक ओढतो, साखरेच्या वाटपावर भांडतो, चहा पिऊन घरी येतो. ऊस आमचा आहे आणि तोडणीचा खर्च आमच्याच दरातून जातो, तेव्हा हा ठराव मुकादमानं किंवा सरकारनं मांडायची वाट बघण्यात अर्थ नाही. हे वाचणाऱ्यांत जो कोणी सभासद असेल त्यानं येत्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी मुदतीत लेखी पत्र द्यावं, की तोडणी मजुरांना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आणि खाड्याचा दंड बंद. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक म्हणून माझं नाव घाला.